गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर घरातला नव्हे, शेतातला

बांधावरचा:
काल इथे एकाने लिहिलं की आपल्या जुन्या मूर्तिकारांना उंदीर कधी जमलाच नाही. दगडातला उंदीर म्हणे डुकराच्या पिल्लासारखा फुगलेला, शेपूट आखूड, कान नावापुरते, तोंड बोथट. म्हणून आजच्या मूर्तिकारांनी तरी मोठ्या कानांचा, लांब शेपटीचा "खरा" उंदीर करावा. दोन ओळींत सोडून देण्यासारखं हे नाही, म्हणून वेगळा धागा.

त्याने ज्या चार चुका मोजल्या, ते चारही शेतातल्या लहान घुशीचे गुण आहेत. शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. आखूड गोल कान, रुंद डोकं, बोथट नाक, अंगाने थोराड, आणि शेपूट डोकं-धडाच्या लांबीपेक्षा स्पष्ट कमी. घरातल्या काळ्या उंदराची शेपूट अंगापेक्षा लांब असते, कान मोठे आणि पातळ, अंग सडपातळ. डुकराची आठवण होणंही साहजिकच आहे. बँडिकूट हा शब्दच तेलुगूतल्या पंदिकोक्कुवरून आला, म्हणजे डुक्करउंदीर.

हा प्राणी युरोपीय शास्त्रज्ञांपुढे गेला तोही चित्रातून. १८३०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी हार्डविक यांच्या संग्रहातल्या चित्रांवरून प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी भारतीय प्राण्यांचे रंगीत छापे काढले. त्या संग्रहातली बरीचशी चित्रं इथल्याच चित्रकारांच्या हातची होती. त्यात लहान घुशीला नाव मिळालं आर्व्हिकोला बेंगालेन्सिस. आर्व्हिकोला म्हणजे युरोपातल्या आखूड शेपटीच्या, बोथट तोंडाच्या व्होल या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा गट. चित्र बघणाऱ्याला हा नेहमीचा उंदीर वाटलाच नाही. आपल्या पाथरवटालाही तो तसा वाटला नसेल, तर चूक कुणाची?

आणि आखु हा उंदरासाठीचा संस्कृत शब्द. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत रुद्राला म्हटलंय, "आखुस्ते पशुः", आखु हा तुझा पशू. आ अधिक खन्, खणणारा. अथर्ववेदात जव खाणाऱ्या आखूला मारा म्हणून अश्विनांची प्रार्थना आहे. जव घरात उगवत नाही.

टाकीचे घाव:
असहमत, आणि चांगलाच असहमत. तुम्ही दगडाला विचारलंच नाही.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वीतभर उंच पीठावर, म्हणजे मूर्तीच्या बैठकीवर, मुठीएवढा उंदीर काढायचा असतो. त्याला मोकळी शेपूट ठेवली तर टाकीच्या दुसऱ्या फेरीला उडते. पातळ कान ठेवले तर घासताना जातात. दगडात बारीक पोकळ्या असतात, काही झिओलाइट या खनिजाने भरलेल्या. टाकी अशा जागी आली की खपली निघते आणि मागे खड्डा राहतो. म्हणून पाथरवट आधी एक गोळा सोडतो, त्यातून पाठीची कमान काढतो, मान आखूड ठेवतो, कान डोक्यालाच चिकटवतो, शेपूट मांडीलगत वळवून पीठात मिसळतो. याच पद्धतीने घरातला उंदीर काढा, मांजर काढा, सगळ्यांचं डुक्करच होणार. याला प्राणिशास्त्र म्हणत नाहीत, हे दगडकाम आहे.

उलट बाजूने बघा. कर्नाटकातल्या हळेबीडचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होत जातो. तिथे दागिन्याची कडी आरपार कोरता आली. कान-शेपटीवरून जात ठरवायची तर आधी दगड ठरवा.

निरुक्त:
आखुबद्दल. व्युत्पत्ती बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. अमरकोशात "उन्दुरुर्मूषकोऽप्याखुः" अशी सरळ यादी आहे. तिन्ही शब्द एकाच प्राण्याला. लगेच पुढे गिरिका, बालमूषिका, म्हणजे लहान उंदीर वेगळा काढला आहे. कोशकाराला लहान-मोठ्याचा भेद करायचा होता, घर-शेताचा नाही. आपला उंदीर हा शब्द त्यातल्या उन्दुरुचाच. आणि मूषक म्हणजे चोरणारा. चोरी घरातच होते.

दुसरं. अथर्वशीर्षात "मूषकध्वजम्" आहे. ध्वजावर. वाहन म्हणून पायाशी येणं ही वेगळी गोष्ट. मध्य प्रदेशातल्या उदयगिरीच्या सहाव्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या गणपतीजवळ उंदीर नाही. मध्य आणि पश्चिम भारतातल्या शिल्पांत तो सातव्या शतकापासून पायालगत दिसू लागतो. वैदिक आखु आणि सातव्या शतकातला पाथरवट यांच्यात केवढं अंतर आहे, ते एका ओळीत कसं उडी मारून जाता?

बांधावरचा:
मूषक म्हणजे चोर, कबूल. पण चोरी घरातच होते हे कुणी सांगितलं? लहान घूस भाताच्या बांधात बीळ करते, तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग टाकते, आत आडव्या कप्प्यांत ओंब्या कापून साठवते. बीळ खणलं की कणसांचा साठा हाती लागतो. धान्य चोरून साठवणारा म्हणून शेतकरी तिलाच ओळखतो. गणपतीचा उत्सवही भाद्रपदातला, भात पोटऱ्यात येण्याच्या सुमाराचा. हा मेळ मला फार महत्त्वाचा वाटतो.

टाकीचे घाव, दगडाचा मुद्दा वजनदार आहे. तरी एक मोजमाप सुचवतो. दोरा घ्या. नाकाच्या टोकापासून पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत एक लांबी. मुळापासून वळणावळणाने टोकापर्यंत दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा मोठी असेल तर घरातला उंदीर. स्पष्ट लहान असेल, तीनचतुर्थांशाच्या आसपास, तर घूस. शेपूट पीठाला चिकटलेली असली तरी तिची *लांबी* कमी करायला दगड भाग पाडत नाही. चिकटवूनही ती पीठाभोवती पूर्ण फिरवता येते.

टाकीचे घाव:
भाग पाडतो. शेपूट फिरवायला पीठाची पुढची बाजू लागते. तिथे पुष्कळदा मोदकाचं ताट येतं, नाहीतर पूजक येतात. उरलेल्या जागेत जेवढी मावेल तेवढीच शेपूट. शिवाय टोक हा सगळ्यात आधी झिजणारा भाग. रोज पाणी, तेल, हात. तुम्ही दोरा लावाल तेव्हा मूळ टोक तिथे असेलच याची खात्री काय?

शेंदूरपुटं:
टोक सोडा, उंदीर तरी दिसतो का? तेलात कालवलेला शेंदूर वर्षानुवर्षं चढवायचा, पुटावर पूट, शेवटी डोळे बसवायचे. पायाशी एक नारिंगी उंचवटा उरतो आणि त्याला भाविक उंदीर म्हणतात. काही ठिकाणी कवच आपोआप गळून पडलं, की आत वेगळीच घडण निघते. जोवर लेपाखालचा दगड दिसत नाही तोवर घूस की उंदीर हा वाद निराधार आहे. लेपाखालच्या मूर्तीची नोंद ठेवा, कवच गळेल त्या दिवशी मापं आणि फोटो घ्या, मग बोला. ही साधी गोष्ट कुणी करत नाही याचा मला मनापासून राग आहे.

ओलीमाती:
तुम्ही सगळे दगडात अडकलात. ज्या पोस्टवरून हे सुरू झालं तिने आजच्या मूर्तिकारांना सल्ला दिलाय, त्यावर कुणीच बोललं नाही. लांब मोकळ्या शेपटीचा उंदीर शाडूत करून दाखवा.

शेपटीची अडचण अशी. शाडू वाळताना आकसते. जाड धड हळू वाळतं, बारीक शेपूट तासाभरात. दोघांचं आकसणं वेगवेगळ्या वेळी होतं म्हणून भेग नेमकी मुळाशी पडते. लोक आत तार घालतात, ते आणखी वाईट. माती आकसते, तार आकसत नाही, मग शेपटीला लांबीभर आडव्या चिरा. विसर्जनानंतर ती तार तळाशी राहते ते वेगळंच.

शेपूट टिकवायची असेल तर तिला आसनावर टेकवा, पूर्ण लांबीभर. मुळाशी बोटाएवढी जाड, टोकाला पेन्सिलीएवढी. जोडताना दोन्ही बाजूंना काडीने चरे पाडा, शाडूचं दाट पाणी लावा, दाबून पाच-सहा वेळा बोट फिरवा. आत आधार हवाच असेल तर सुतळीचा पीळ, तार नको. शेपटीवर आणि कानांवर ओलं फडकं टाकून ठेवा म्हणजे धडाबरोबर वाळतील. सावलीत. पंखा नको.

साचेवाला:
ओलीमातीताई, तुमचं हाताने घडवलेल्यापुरतं खरं. साच्याचं गणित निराळं. शेपूट आसनापासून बोटभर जरी सुटी ठेवली तरी मधल्या फटीत साचा अडकतो. रबरी साचा ओढून निघतो, पण आठ-दहा नगांनंतर नेमका तिथेच फाटतो. प्लास्टरचा साचा असेल तर एकतर शेपूट तुटते, नाहीतर साच्याचा तुकडा वेगळा करावा लागतो. म्हणून बाजारातली शेपूट मांडीला चिकटलेली. हे काम टाकण्याचं लक्षण नाही, साच्याची अट आहे.

ओलीमाती:
मग पापण्या लावलेले, गुलाबी कानांचे, दात दाखवून हसणारे उंदीर कोणत्या साच्याची अट आहेत? ते तर रंगकामातलं आहे. आणि टोकदार लांब नाकाचे जे उंदीर बाजारात येतात, त्या चिचुंद्र्या आहेत. चिचुंद्री किडे खाते, ती कुरतडणाऱ्यांतली नाहीच. तिच्या हातात मोदक? उंदराला पुढे दोन छिन्नीसारखे दात, मिशा आखूड नाकावर, डोळा बाजूला. एवढं तरी बघून करा.

साचेवाला:
नाकाचं मान्य. टोकदार नाक साच्यातून सहज सुटतं म्हणून करतात, पण दिसतं चिचुंद्रीसारखंच. पापण्यांवर वाद घालत नाही, त्या गिऱ्हाईक मागतं. शेपटीवरून मात्र मूर्तिकारांना अडाणी म्हणणं बंद करा.

टाकीचे घाव:
अडाणी कुणीच म्हटलं नाही. म्हटलंय ते मूळ पोस्टवाल्याने, आणि त्याच्या विरोधात आपण सगळेच आहोत. जागेवर या. निसर्ग बघून काढलेले उंदीर हवे असतील तर तमिळनाडूत मामल्लपुरमला जा. सातव्या शतकातलं मोठं शिल्प, पल्लवांचं. मागच्या पायाच्या खुराने नाक खाजवणारं हरीण त्यात आहे, पिल्लांसकट हत्ती आहेत. तिथे मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर जमलेत, काहींनी हात जोडलेत. ग्रॅनाइट आहे, बेसॉल्टहून सोपा नव्हे. तरीही हरीण हरणासारखं आहे. म्हणजे दगड अडवतो, पण बघणाऱ्याचा डोळा पूर्ण अडवत नाही. एवढं मी मागे घेतो.

बांधावरचा:
हेच मी सुरुवातीपासून म्हणतोय!

टाकीचे घाव:
नाही, तुम्ही घूस म्हणालात. मी डोळा म्हणतोय. मामल्लपुरमचे उंदीर कोणत्या जातीचे हे त्यावरून ठरत नाही. लहान आहेत, गोल आहेत, जोडलेले पंजे हीच त्यातली मुख्य गोष्ट आहे, कारण गोष्टच ढोंगी तपस्व्याची आहे.

निरुक्त:
ती गोष्ट महाभारताच्या उद्योगपर्वात येते, दुर्योधन उलूक या दूताकरवी युधिष्ठिराला ऐकवतो. मांजर गंगेच्या काठी तप करतं, ते तप बघून उंदरांना विश्वास वाटतो, तपाने थकलोय असं ते सांगतं म्हणून उंदीर त्याला नदीपर्यंत नेत राहतात आणि दर खेपेला संख्या घटत जाते. काठावर राहणारे उंदीर, घर कुठेच नाही. हा मुद्दा बांधावरचा यांच्या बाजूने जातो, म्हणून मुद्दाम नोंदवतो. आखुबद्दलचं माझं म्हणणं तसंच राहील.

बांधावरचा:
आभार. मग मीही एक सोडतो. दख्खनमधल्या छोट्या पीठावरच्या उंदरावरून जात ठरवणं अवघड आहे, दोऱ्याचं मोजमाप फक्त शेपटीचं टोक शाबूत असेल तिथेच चालेल. पण "चुकीचा उंदीर" हा शब्द मी कुणाला वापरू देणार नाही. ज्याने आयुष्यात बांधावरची घूस जवळून पाहिली नाही त्याने आखूड शेपूट बघून पाथरवटाला नापास करू नये.

शेंदूरपुटं:
टोक शाबूत आणि लेप नसलेला उंदीर कुणाच्या गावात असेल तर दोन्ही मापं इथे टाका. आधी पीठाचा दगड कोणता ते लिहा, मग नाक ते शेपटीचं मूळ, मग शेपूट. बाजूने काढलेला फोटो हवा, समोरचा नको. समोरून सगळेच गोल दिसतात.