पात्रता फेरीत पुढे, 30 फेऱ्यांनंतर मागे: लेट मॉडेल चालवणाऱ्यांना दोन प्रश्न

डावीकडेच

नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो, वय 17. लहानपणी बँडोलेरो ही मुलांची छोटी रेस कार, नंतर तिच्याहून मोठी लेजंड कार आणि या हंगामापासून लेट मॉडेल ही पूर्ण आकाराची रेस कार अशा क्रमाने मी इथवर आलो आहे. आमच्या बऱ्याचशा शर्यती हिकरी मोटर स्पीडवेवर होतात. ज्यांनी ही धावपट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की 1951 पासून चालू असलेला हा ओव्हल, म्हणजे सतत डावीकडेच वळण्याचा लंबगोल मार्ग, जेमतेम 0.363 मैलांचा आहे, लेट मॉडेलची एक फेरी 15-16 सेकंदांत संपते, आणि सरळ भाग इतके आखूड आहेत की एका वळणातून गाडी सरळ होते न होते तोच पुढच्या वळणासाठी ब्रेकवर पाय ठेवावा लागतो.

पहिला प्रश्न गाडीचा आहे. पात्रता फेरीत मी बहुतेक वेळा पहिल्या पाचांत असतो आणि शर्यतीच्या सुरुवातीलाही गाडी हातात असते. परंतु 30-35 फेऱ्या झाल्या की वळणातून बाहेर पडताना गाडीची मागची बाजू भिंतीकडे सरकू लागते, मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवून ती सावरतो, आणि तेवढ्या अवधीत माझ्या वडिलांच्या वयाचा एखादा चालक, जो पात्रता फेरीत माझ्यापेक्षा स्पष्टपणे संथ होता, आतल्या बाजूने अगदी शांतपणे पुढे निघून जातो. लेजंड कारमध्ये मला असा अनुभव आला नव्हता.

दुसरा प्रश्न माणसांचा आहे. गेल्या शर्यतीत रीस्टार्टनंतर, म्हणजे मध्ये थांबवलेली शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर, मागच्या गाडीने वळणाच्या मध्यावर माझ्या मागच्या बंपरला धक्का देऊन मला बाहेरच्या ग्रूव्हमध्ये, म्हणजे भिंतीजवळच्या वरच्या मार्गिकेत, ढकलले. मी गरगर फिरलो नाही, पण पुन्हा खाली, म्हणजे आतल्या बाजूला, येईपर्यंत चार गाड्या पुढे गेल्या होत्या. माझे स्पॉटर, म्हणजे उंचावरून शर्यत पाहून रेडिओवर मला सांगणारे, मामा म्हणतात, की याची परतफेड केली नाही तर सगळेच मला ढकलू लागतील. क्रू चीफची, म्हणजे गाडीच्या जुळवणीची, जबाबदारी सांभाळणारे बाबा म्हणतात, की परतफेडीचा खर्च शेवटी आपल्याच गॅरेजमध्ये येतो. दोघांनाही धावपट्टीचा माझ्यापेक्षा अधिक अनुभव आहे, म्हणून कोणाचे ऐकावे हे ठरवणे मला अवघड जात आहे.

जुना_स्पॉटर

पहिल्या प्रश्नापुरते आधी लिहितो, कारण माझ्या मते दुसऱ्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

लेजंड कार चालकासह सुमारे 1300 पौंडांची असते आणि तिला मोटरसायकलचे इंजिन असते. लेट मॉडेल 3000 पौंडांच्या घरात जाते आणि तिच्या मागच्या चाकांवर येणारी ताकद कितीतरी अधिक असते. डावीकडे वळताना हे सारे वजन उजव्या बाजूच्या टायरांवर येते. वळणात शिरताना उजव्या पुढच्या टायरची परीक्षा होते आणि बाहेर पडताना उजव्या मागच्या टायरची. तू वर्णन केलेली अवस्था, म्हणजे गाडी लूज होणे, ही या उजव्या मागच्या टायरने हात टेकल्याची खूण आहे, आणि तो टायर तिसाव्या फेरीत संपलेला नसून तू त्याला पहिल्या दहा फेऱ्यांतच संपवलेला असतोस, असा माझा अंदाज आहे.

हे कसे होते ते नीट समजून घे. वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग अजून पुष्कळ फिरवलेले असताना तू ॲक्सिलरेटर जोरात दाबलास, की मागचे चाक किंचित घसरून फिरते. नवा टायर ही घसरण झाकतो, त्यामुळे तुला काहीच जाणवत नाही. उलट फेरीची वेळ चांगली आल्याने आपण योग्य तेच करत आहोत असे वाटते. मात्र प्रत्येक घसरणीबरोबर रबराचा पृष्ठभाग तापतो, आतली हवा तापून दाब वाढतो आणि टायर फुगतो. उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा मुद्दामच इंच-दोन इंच अधिक परिघाचा बसवलेला असतो, ज्याला आपण स्टॅगर म्हणतो. उजवा टायर फुगला, की हा फरक वाढतो आणि मुळातच निसटू पाहणारी गाडी आणखी लूज होते. म्हणजे एक चूक दुसरीला खतपाणी घालत राहते. तुला मागे टाकणारे ते वडीलधारे चालक मुळात संथ नसतात. दोनच फेऱ्यांसाठी टायर जाळण्याची त्यांची सवय मोडलेली असते, इतकेच.

उपाय ऐकायला सोपा वाटेल. वळणात थोडा लवकर ब्रेक लाव, गाडी मध्यावर अधिक वळवून घे, आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागेपर्यंत उजव्या पायाला थांबव. हात उलगडतील त्याच प्रमाणात पाय खाली गेला पाहिजे. सुरुवातीला प्रत्येक फेरीत दशांश सेकंद गमावल्यासारखे वाटेल आणि एखाद-दुसरी गाडी पुढेही जाईल. ते सहन करणे हाच या खेळातला सर्वांत कठीण भाग आहे, कारण 17 वर्षांच्या चालकाला मागच्या आरशात दिसणारी गाडी स्वस्थ बसू देत नाही.

आकडेमोड

जुना_स्पॉटर यांचे विवेचन बरोबर आहे, पण सारा दोष चालकाच्या पायावर टाकणे मला मान्य नाही. पात्रता फेरीत पहिल्या पाचांत येणारी गाडी बहुधा पात्रता फेरीसाठीच जुळवलेली असते, आणि तीच जुळवणी ठेवून लांब शर्यतीत उतरले, तर ती लूज होणारच.

बाबांना विचारून पाहा, की शर्यतीपूर्वी क्रॉसवेट बदलतात का. उजवे पुढचे आणि डावे मागचे या दोन चाकांवरील वजनाची बेरीज एकूण वजनाच्या किती टक्के आहे, हा तो आकडा. तो वाढवला, की गाडी टाइट होते, म्हणजे पुढची बाजू वळायला कुरकुर करते आणि मागची बाजू जागेवर राहते. शर्यतीच्या पहिल्या 15 फेऱ्यांत गाडी थोडी टाइट वाटली पाहिजे, इतकी की तू रेडिओवर तक्रार करशील. टायर तापल्यावर ती आपोआप तुझ्याकडे येते. सुरुवातीलाच परिपूर्ण वाटणारी गाडी नंतर बिघडण्याखेरीज दुसरीकडे कुठे जाणार?

त्याचबरोबर पिटमध्ये परतल्याक्षणी प्रत्येक टायरचे तापमान आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला असे तीन ठिकाणी मोजा आणि हवेचा दाबही लगेच लिहून ठेवा. मध्यभाग कडांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापला असेल, तर सुरुवातीचा दाब जास्त होता. सगळाच टायर जळजळीत असेल, तर जुना_स्पॉटर यांचा तुझ्या पायाबद्दलचा संशय खरा ठरेल आणि मी माझे म्हणणे मागे घेईन.

एक इशारा. वजन इकडून तिकडे हलवताना शिशाचे तुकडे नियमाप्रमाणेच आणि घट्ट बोल्ट लावून बसवा. फ्लोरिडातील फाइव्ह फ्लॅग्ज स्पीडवेवर होणाऱ्या स्नोबॉल डर्बीत 2013 साली चेस एलियट पहिला आला, परंतु तांत्रिक तपासणीत त्याच्या गाडीत नियमबाह्य टंगस्टनचे वजन सापडले आणि विजय एरिक जोन्सला देण्यात आला. गंमत म्हणजे 2015 साली तपासणीत क्रिस्टोफर बेल अपात्र ठरला आणि तेव्हा विजय एलियटकडे आला. या शर्यतींत झेंडा पडल्यावर निकाल लागत नाही, तपासणीची खोली सोडल्यावर लागतो.

पिटमधली_आई

माझी मुलगी याच वर्गात गाडी चालवते, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजते.

वळणाच्या मध्यावर बंपरला बंपर लावून पुढच्याला एक ग्रूव्ह वर सरकवणे आणि स्वतः खालून निघून जाणे, ही बंप अँड रनची चाल आखूड धावपट्टीवर जवळजवळ सर्वमान्य आहे. समोरचा फिरला नाही, भिंतीला लागला नाही आणि शर्यत पूर्ण करू शकला, तर बहुतेक जण त्याला स्पर्धेचाच भाग मानतात. तुमच्याबाबतीत झाले ते याच प्रकारात मोडते, हे कटू वाटले तरी मान्य करावे लागेल. सरळ भागावर समोरच्याच्या उजव्या मागच्या कोपऱ्याला गाडी लावून त्याला भिंतीकडे वळवणे ही मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे वेग अधिक असतो आणि माणूस जखमी होऊ शकतो. तसे कोणी केले, तर परतफेडीचा विचार न करता शर्यतीच्या अधिकाऱ्यांकडे जावे.

वरच्या पातळीवरही ही रेषा आता अधिक काटेकोरपणे ओढली जात आहे. ऑगस्ट 2024 मध्ये 0.75 मैलांच्या रिचमंड धावपट्टीवर ऑस्टिन डिलनने शेवटच्या फेरीत जोई लोगानो आणि डेनी हॅमलिन या दोघांनाही बाजूला फेकून शर्यत जिंकली. या शर्यती चालवणाऱ्या नॅसकार संघटनेने विजय त्याच्याच नावावर ठेवला, पण त्या विजयामुळे मिळणारी प्लेऑफची, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम टप्प्याची, पात्रता काढून घेतली आणि गुणही कापले. मार्च 2025 मध्ये मार्टिन्सव्हिलला नॅसकारच्या दुसऱ्या पातळीवरील एक्सफिनिटी मालिकेत सॅमी स्मिथने शेवटच्या फेरीत टेलर ग्रे याला धडक दिली, दोघांपैकी कोणीच जिंकले नाही, तिसराच पुढे निघून गेला, आणि स्मिथला 25,000 डॉलर दंड व 50 गुणांची कपात सोसावी लागली. स्मिथ आणि ग्रे हे दोघेही वयाने तुमच्याहून फार मोठे नाहीत.

मामांचे म्हणणे मी पूर्णपणे झटकून टाकणार नाही. दर शनिवारी तीच पंधरा-वीस माणसे समोर येतात आणि कोण सहज बाजूला होतो हे ती लक्षात ठेवतात. पण त्यांना उत्तर देण्यासाठी बंपर लागत नाही. शर्यत संपल्यावर, हेल्मेट काढून, राग थोडा उतरल्यावर त्या चालकाच्या हॉलरपाशी, म्हणजे रेस कार वाहून आणणाऱ्या ट्रकपाशी, एकट्याने जावे, वडिलांना सोबत नेऊ नये, आणि "तुम्ही मला हलवलेत, ते माझ्या लक्षात आहे" एवढे एकच वाक्य नीट नजर देऊन सांगावे. माझ्या मुलीने हे केले तेव्हा समोरचा हसला होता, परंतु त्यानंतर त्याने तिला नेहमी एका गाडीची जागा सोडली. आणखी एक, तुटलेल्या बॉडी पॅनेलचा आणि वाकलेल्या सस्पेन्शनचा हिशेब ज्या घरात होतो, तिथे बाबांचे मत थोडे जड धरावे.

कोपरा_क्रमांक_चार

एका जागेच्या चार जागा कशा झाल्या, हे कोणी विचारलेच नाही. धक्का देणाऱ्याने फक्त एक जागा घेतली, बाकीच्या तीन तुम्ही लगेच खाली घुसण्याच्या धडपडीत दिल्या. वर सरकल्यावर टायर झिजून पडलेल्या रबराच्या सुट्या गोळ्यांवरून गाडी घसरते, तिथे ताकद लावून काही उपयोग नसतो. पाय उचला, टायर साफ होऊ द्या आणि मामांनी दाखवलेल्या पहिल्याच फटीत शिरा.

डावीकडेच

सर्वांचे मनापासून आभार. बाबांनी नोंदवही उघडली, तेव्हा पात्रता फेरी आणि शर्यत यांच्या क्रॉसवेटमध्ये काहीच फरक नव्हता असे दिसले, त्यामुळे आकडेमोड यांचा मुद्दा आमच्या घरात गंभीरपणे घेतला गेला आहे. मामा अजून पूर्ण पटलेले नाहीत, पण हॉलरपाशी जाण्याची कल्पना त्यांना आवडली.

जाता जाता आणखी एक विचारतो. सरावासाठी नवे टायर वारंवार घेणे आम्हाला परवडत नाही, चार टायरांचा एक संच शेकडो डॉलर खातो. मी घरी आयरेसिंग या संगणकावरील शर्यतींच्या सिम्युलेटरवर बराच वेळ घालवतो. टायर सांभाळण्याची सवय तिथे लागू शकते का? आणि माझ्या वयाची काही मुले नॅसकारच्या तिसऱ्या पातळीवरील ट्रक मालिकेत पोहोचली आहेत, मग मला उशीर होतो आहे का?

जुना_स्पॉटर

उशिराचे भूत आधी डोक्यातून काढ. लोगानो 18 वर्षे पूर्ण होताच केंटकीला राष्ट्रीय मालिकेतील शर्यत जिंकला हे खरे, पण जॉश बेरी वर्षानुवर्षे लेट मॉडेलच चालवत राहिला, 2020 साली साप्ताहिक शर्यतींचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि नॅसकारच्या सर्वोच्च कप मालिकेचा पहिला पूर्ण हंगाम त्याच्या वाट्याला आला तो 2024 साली, तिशी उलटल्यावर. पुढच्या वर्षी लास व्हेगासला तो जिंकलाही. बबा पोलार्डसारख्या माणसाने तर लेट मॉडेल हेच आपले घर मानले, आणि 2024 साली रिचमंडला एक्सफिनिटीच्या शर्यतीत एकदा संधी मिळाली तेव्हा सहावा आला. ट्रकमध्ये बसलेल्या प्रत्येक मुलामागे वेग असतोच असे नाही, पुष्कळदा प्रायोजक असतो, आणि त्यावर तुझा ताबा नाही.

आयरेसिंगबद्दल माझे मत काही वर्षांत बदलले आहे. कप मालिकेत पोहोचलेल्या विल्यम बायरनने सुरुवातच तिथे केली आणि मग लेजंड कारमध्ये आला, तर बेरीची डेल अर्नहार्ट ज्युनिअर या नामवंत चालकाशी ओळख संगणकावरील शर्यतींतूनच झाली. ब्रेक कुठे लावायचा, स्पॉटरचे ऐकत आजूबाजूच्या गाड्यांचे भान कसे ठेवायचे, लांब शर्यतीत मन कसे स्थिर ठेवायचे, हे तिथे शिकता येते. मागची बाजू निसटण्याच्या क्षणभर आधी आसनातून कमरेला जे कळते, ते मात्र घरच्या खुर्चीत कळत नाही. म्हणून आयरेसिंगवर एकच वेगवान फेरी मारण्याचा नाद सोड आणि 50 फेऱ्या सलग चालवून पहिल्या व शेवटच्या पाच फेऱ्यांतला फरक कमी करण्याचा खेळ खेळ.

खऱ्या धावपट्टीवरच्या पुढच्या सरावाला नवे टायर घेऊच नका. मागच्या शर्यतीचा जुना संच लावा, क्रॉसवेट थोडा वाढवा, आणि मामांना घड्याळ देऊन 40 फेऱ्या न थांबता चालव. पिटमध्ये आल्यावर उजव्या मागच्या टायरचे तीनही आकडे आणि दाब इथे लिही, म्हणजे आकडेमोड आणि मी यांच्यात खरे कोण, हेही ठरेल.