केस मॅनेजरचं काम चांगलं चाललंय, हे ठरवायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झालेल्या तरुणांसाठी आमच्या संस्थेत केस मॅनेजर, म्हणजे प्रत्येक पेशंटचा पाठपुरावा करणारे कार्यकर्ते, आहेत. वरून मागणी एकच: महिन्याला भेटी किती, फोन किती. पण नुसता चहा पिऊन आलं तरी ती ‘भेट’च की! इंग्लंडमध्ये २०१६ पासून दोन आठवड्यांत उपचार सुरू करण्याचा निकष आहे. तिथे एका को-ऑर्डिनेटरकडे (म्हणजे आपला केस मॅनेजरच) साधारण १५ पेशंट अपेक्षित. आमच्याकडे तिप्पट, असो.

गोळ्या चालू आहेत का, कॉलेज-नोकरी परत सुरू झाली का, घरच्यांना आजार कळलाय का, हे नोंदवायचा सुटसुटीत मराठी फॉर्म कुणी वापरलाय का? सातारा-गोव्यातल्या कोप्सी अभ्यासात (स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना घरी-गावात जाऊन मदत देण्यावरचा अभ्यास) काम केलेलं कुणी असेल तर फारच बरं.

आणि पेशंटचं मत कुणी विचारावं? केस मॅनेजरनेच विचारलं, तर पोरं ‘छान’च म्हणणार.