सलग संख्यांची सरासरी: संख्या किती आहेत हे कधी लागतं, कधी नाही?

नमस्कार. मी लातूरला खोली करून राज्यसेवेचा अभ्यास करायलोय. सीसॅट (पूर्वपरीक्षेतला गणित-बुद्धिमत्ता-आकलनाचा पेपर) पात्रतेपुरताच, 33 टक्के पडले की झालं, हे ठाऊक आहे. पण 120 मिनिटांत 80 प्रश्न, त्यात चार चुकले की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. विधान पर्याप्ततेत, म्हणजे उत्तर काढायला कोणतं विधान पुरेसं आहे एवढंच ठरवायच्या प्रश्नांत, मी एकाच ठिकाणी अडकतोय.

प्रश्न: काही क्रमागत पूर्णांकांची सरासरी किती?
विधान 1: एकूण पूर्णांक 11 आहेत.
विधान 2: सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या पूर्णांकाची बेरीज 46 आहे.

मी 'दोन्ही मिळून' लिहिलं. सरासरी म्हणजे बेरीज भागिले एकूण संख्या, शाळेपासून हेच डोक्यात बसलंय. मग 11 शिवाय भागायचं कशानं? उत्तरसूचीत मात्र 'फक्त विधान 2 पुरेसं'. रात्री वहीत 22, 23, 24 घेऊन पाहिले, मग 18 ते 28 घेतले. दोन्हीकडं 23च. पण दोन उदाहरणं जुळली म्हणून नेहमीच जुळेल, हे कशावरून?

लगेच पुढचा प्रश्न: क्रमागत पूर्णांकांतला सर्वांत मोठा कोणता? विधान 1: सगळ्यांची सरासरी 20.5. विधान 2: त्यांतल्या लहान अर्ध्या संख्यांची सरासरी 18. इथं उत्तर 'दोन्ही मिळून'. इथंच का लागतात दोन्ही? कुणीतरी नीट समजावून सांगा, दोन दिवस झाले हेच घेऊन बसलोय.

प्रतिसाद:
मी परभणीत शिकवणी घेते. 18 ते 28 एका ओळीत लिहा. 18 आणि 28 जोडणारी कमान काढा, मग 19 आणि 27, मग 20 आणि 26. प्रत्येक जोडीची बेरीज 46च, कारण डावीकडं एक वाढला की उजवीकडं एक घटतो. मधला 23 एकटा उरतो, तो 46चा निम्मा. पूर्णांक तीन असोत की एकवीस, कमानी वाढतील, बेरीज हलणार नाही. टोकांची बेरीज कळली की सरासरी कळलीच.

दुसऱ्यात टोक विचारलंय. 20.5 वरून फक्त मध्य कळतो. ओळ 20, 21 एवढीच असेल, नाहीतर 16 ते 25 असेल. नुसत्या 18 वरूनही लांबी कळत नाही: 18, 19 चालतात आणि 17 ते 22 पण चालतात. दोन्ही सरासऱ्यांतलं अंतर 2.5, सलग पूर्णांकांत हे अंतर एकूण संख्यांच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं. म्हणून संख्या 10, ओळ 16 ते 25. मात्र परीक्षेत 25 पर्यंत जाऊ नका, मध्य आणि लांबी दोन्ही मिळतात एवढं दिसलं की थांबा.

धागाकर्ता:
ताई, कमानी काढल्या आणि लख्ख दिसलं. खूप आभार. क्रमागत सम पूर्णांक दिले तर?

प्रतिसाद:
कमानी तशाच चालतात, फरक सारखा असला की झालं. फक्त ते अंतर तिथं चौथ्या हिश्शाऐवजी एकूण संख्यांच्या निम्म्याएवढं होतं, कारण प्रत्येक पाऊल दोनचं आहे. 12, 14, 16, 18 घेऊन करून बघा.