मदत हवी आहे: आजोबांच्या बंदुकीत काडतूस अडकलंय, कसं काढायचं?

माळावरचा_गडी (खटाव, सातारा)
मंडळी लवकर सांगा. आजोबांची छोट्या बोअरची (म्हणजे बारीक नळीची) बंदूक आहे, तितर-ससे मारायची. डब्यात जुनी काडतुसं सापडली, पिवळी आणि लाल मिक्स. पिवळं घातलं तर मागं थांबलंच नाही, घसरत आत गेलं आणि नळीत जाऊन बसलंय. घोडा ओढला तर नुसता टिच आवाज. ज्वारी हुरड्यात आलीय, भोरड्यांचे थवे उतरतायत, दोन बार काढले की उठतील एवढंच पाहिजे. मागनं लाल काडतूस बरोबर बसतंय. ते उडवलं की पुढचं पण निघून जाईल ना?

कृष्णाकाठ_सांगली
कुठली बंदूक? एकनळी का दुनळी? छोटा बोअर म्हणजे २०, २८ का ४१०? नळीवर काहीतरी कोरलेलं असतं बघ, फोटो टाक. एवढ्यावर कोण काय सांगणार.

द्राक्षबाग_तासगाव
बंदूक कशाला भावा. आम्ही बागेवर जाळी टाकतो, एक पाखरू आत येत नाही. खर्च होतो पण दोन-तीन सीझनमध्ये वसूल.

माळावरचा_गडी
दादा सहा एकर ज्वारीवर जाळी कोण टाकतं? बोअर माहीत नाही, घरात सगळे छोटी बंदूकच म्हणतात. एकनळी आहे. मी काडतूस कसं काढायचं विचारलंय.

निवृत्त_आर्मरर
लाल काडतूस अजिबात घालू नका. आत घातलं असेल तर आत्ता काढा, मग पुढचं वाचा.
तुमची बंदूक छोट्या बोअरची नाही, ती १२ बोअर आहे; बोअरचा आकडा लहान तेवढी नळी रुंद. पिवळं काडतूस २० बोअरचं आहे, बहुतेक कंपन्या २० बोअरला पिवळा रंग देतात तो याच कारणासाठी. १२ ची नळी साधारण १८.५ मिमी, २० ची १५.६ मिमी. त्यामुळे २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसायच्या जागेतून, पुढं सरकतं आणि जिथं नळी अरुंद होते तिथं त्याची कड अडकते. टिच झालं कारण काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन तिथपर्यंत पोचतच नाही. माणसाला वाटतं काडतूस फुसकं निघालं, मग तो मागनं १२ चं घालतो, कारण जागा मोकळी दिसते. ते उडालं की पुढं जिवंत काडतुसाचं बूच. नळी फाटते ती नेमकी नळी धरलेल्या डाव्या हाताच्या वर. सेवेत असताना अशी फाटलेली नळी मी हातात धरून बघितलीय, केळीची साल सोलल्यागत पत्रा मागं वळला होता.
आता बंदूक उघडी ठेवा, तोंड माणसांपासनं लांब, पोरांना खोलीत सोडू नका.

यळकोट_७७
तोंडाकडनं लोखंडी गज घालून हळूच ठोकायचा, निघतं. चुलत्यानं काढलेलं आहे.

निवृत्त_आर्मरर
गज नको, ठोकायचं तर अजिबात नाही. काडतुसाच्या बुडाची टोपी, जी ठोकली की बार उडतो, किती जुनी आहे कुणाला ठाऊक. हे काम दुकानातल्या गनस्मिथचं, बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं आहे.

कृष्णाकाठ_सांगली
तरी म्हणतो खरी मजा २८ बोअरचीच. आमच्या वडिलांकडं होती, तितराला तसली बंदूक नाही. हलकी, धक्का नाही, आणि छर्रे एकत्र जातात.

निवृत्त_आर्मरर
एकत्र जातात हे खरं नाही. पसरणं चोकवर, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलंय त्यावर ठरतं, बोअरवर नाही. २८ मध्ये साधारण २१ ग्रॅम छर्रे, १२ मध्ये ३२ च्या आसपास, वेग जवळपास सारखा. छर्रे कमी म्हणून लांबवर छर्ऱ्यांच्या मधे मोकळी भोकं पडतात आणि पाखरू जखमी होऊन झुडपात मरतं. हलकी असते एवढं मान्य.

कृष्णाकाठ_सांगली
२५-३० पावलांत भोक पडत नाही हो. बंदूक खांद्याला बसणारी पाहिजे, मग ग्रॅम मोजावं लागत नाही.

रानवाटा
दोघांनाही सांगते, तितर-लाव्याचे परवाने १९७२ च्या वन्यजीव कायद्यात होते, १९९१ च्या दुरुस्तीनं तेही बंद झाले. आता ससा काय, तितर काय, मारला की गुन्हा. आणि गडीदादा, मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. आजोबा आहेत का? परवाना कुणाच्या नावावर?

शूटर_मिरज
एअरगन घे सरळ. ०.१७७ इंच नळीची बिनलायसन मिळते.

रानवाटा
एअरगन कुणी मागितलीय? आणि तिनं पाखरू मारलं तरी गुन्हा तोच.

माळावरचा_गडी
लाल घातलेलं नाही, बंदूक उघडी करून ठेवली. आजोबा गेल्या वर्षी वारले. परवाना त्यांच्याच नावावर, इलेक्शनला जमा करून आणायचे तेच. वडील म्हणतात पोलिसात गेलो तर केसच होईल. त्यात हे अडकलेलं.

निवृत्त_आर्मरर
परवानाधारक गेला की घरात हत्यार ठेवणं बेकायदा होतं. शस्त्र कायद्याचं कलम २१ बघा, वारसानं विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा लायसनदार दुकानदाराकडं जमा करायचं. उशीर झालाय, पण स्वतःहून जाणं आणि कुणी तक्रार केल्यावर सापडणं यात फार फरक आहे. बंदूक घेऊन एसटीत बसू नका. आधी ठाण्यात फोन करा, जिवंत काडतूस अडकलंय हे पहिल्या वाक्यात सांगा. मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक काढून ठेवा. जमा केल्याची पावती घ्या. नंतर वारस म्हणून वडील जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करू शकतात, बाकी वारसांची ना-हरकत लागेल.

हुरडा_औंध
भोरड्यांना माळा बांधून गोफणच. पहाटे आणि तिन्हीसांजेला माणूस पाहिजे, दुपारी नसला तरी चालतं. आणि भोरड्या टोळ पण खातात, सगळंच नुकसान धरू नका. हुरडा कुठला आहे, मालदांडी का?

माळावरचा_गडी
मालदांडीच. फोन केला, पोलीस येऊन बंदूक आणि डबा दोन्ही घेऊन गेले, पावती दिली. काडतूस दुकानदाराकडनं काढून घेणार म्हणाले. आर्मररकाका, लय उपकार झाले. आजपासनं भाऊ माळ्यावर.

निवृत्त_आर्मरर
छान केलंत. एकच राहिलं. २० ची काडतुसं घरात आहेत म्हणजे २० ची बंदूक कुठंतरी असणार. घरचे जिला छोटी म्हणतात ती तीच. पुस्तकात किती हत्यारांचे नंबर आहेत?

माळावरचा_गडी
दोन आहेत. दुसरी आम्ही कुणी बघितलेलीच नाही. आत्याला फोन लावतो, आजोबा शेवटी तिच्याकडंच होते.