बॉल पायथनच्या अंगावरचे माइट्स जात नाहीत

प्रश्न:
मी ह्यूस्टनला राहतो. माझा बॉल पायथन (पाळीव अजगर) काही दिवसांपासून पाण्याच्या भांड्यातच बसून राहतो आणि त्या भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके साचतात. डोळ्यांच्या कडेला व जबड्याखालच्या खाचेतही असेच ठिपके हलताना दिसतात. हे माइट्स, म्हणजे सापाचे रक्त पिणारे बारीक परजीवी आहेत. कोमट पाण्यात ठेवल्यावर ते कमी होतात, पण पुन्हा येतात. एका परिचितांनी आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध फवारण्यास सुचवले आहे. मात्र त्याच खोलीत माझे कासवही आहे. काय करावे?

पहिला प्रतिसाद:
आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे त्या खोलीत ते फवारू नका. पाण्याने सापाच्या अंगावरचे काही माइट्स बुडतात, परंतु उरलेले त्याच्या डोक्याकडे सरकतात आणि मादीने पेटीच्या अंधाऱ्या, दमट फटींत घातलेल्या अंड्यांना तर पाण्याचा स्पर्शही होत नाही. एक मादी साठ-ऐंशी अंडी घालू शकते, आणि २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाला अंड्यापासून प्रौढ माइटपर्यंतचा प्रवास साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होतो. म्हणून खरी लढाई पेटीशी आहे. तळाचा भुसा व लाकडी सजावट पिशवीत बांधून टाकून द्या, पेटीचे सांधे गरम पाण्याने घासा आणि तळाशी साधा कागद अंथरून तो रोज बदला. हे निदान सहा आठवडे चालू ठेवावे लागेल. माइट्स दिसेनासे झाले म्हणून मध्येच थांबणे हे ते परत येण्याचे नेहमीचे कारण असते.

दुसरा प्रतिसाद:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त कागदावर पेटी फार कोरडी पडते व बॉल पायथनची कात अडकते, म्हणून ओलसर कागद ठेवलेला एक डबा लपण्यासाठी द्यावा आणि त्यातला कागदही रोज बदलावा. औषधाबाबत सरीसृपांच्या पशुवैद्यांना विचारा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक वापरायचे ठरल्यास ते साप व पाणी बाहेर काढलेल्या पेटीवरच मारावे आणि पेटी पूर्ण वाळून हवेशीर झाल्यावरच साप आत ठेवावा. घरात मांजर असेल तर ते वापरूच नये, कारण मांजरांना ते विषारी असते. साप मलूल दिसत असेल किंवा तोंडातील त्वचा फिकट पडली असेल, तर रक्त कमी झाल्याची शक्यता असते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

तिसरा प्रतिसाद:
रसायने नको असतील तर माइट्स खाणारे शिकारी माइट्स विकत मिळतात. ते सापाला चावत नाहीत, पण त्यांचा परिणाम सावकाश दिसतो आणि पेटीत कीटकनाशक मारले असेल तर तेही मरतात. तेव्हा दोन्ही उपाय एकत्र करू नका. कासवाची देखभाल आधी उरका, सापाला नंतर हात लावा आणि मग कपडे बदला.