चर्चा: धक्क्यातून आलेल्या माणसाला ‘नेमकं काय झालं?’ असं विचारावं का?

लक्ष्मीनगरची_संध्या
23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी पहाटे घराघरांत शिरलं. नंतर भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले: पाणी कुठवर आलं, तुम्ही तेव्हा कुठे होता, आधी कोणाला बाहेर काढलं? पूर असो, अपघात असो की अत्याचार, पहिल्या महिन्यात घटना उकरून काढू नये, असं माझं ठाम मत आहे. सगळं एका बैठकीत वदवून घेण्याची ‘डीब्रीफिंग’ नावाची पद्धत एकेकाळी बरीच चालायची. चाचण्यांमध्ये तिने पुढचा आजार टळल्याचं दिसलं नाही, काहींचा त्रास तर वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या एवढंच आहे. विचारायचं ते गरजांबद्दल. आणि दाराशी घरचं एक माणूस ठेवा, पाहुण्यांना दहा मिनिटांत वाटेला लावणारं.

ठेचा_भाकर
म्हणजे मुक्यानं चहा पिऊन निघून यायचं का बाप्पा? आपल्याकडे तेरवीपर्यंत घर भरलेलं राहते. माणूस दहा जणांले तेच सांगते, रडते, मोकळा होते. तुमच्या नियमांमुळे लोक आता विषयच टाळून राहिले. छेडछाड झालेल्या पोरीसमोर सारे क्रिकेटवर बोलतात, अन् तिले वाटते का दोष आपलाच आहे. हे कोणत्या मार्गदर्शिकेत बसते?

मनोवॉर्ड
पोरीचं उदाहरण अगदी खरं आहे, टाळाटाळ माणसाला एकटं पाडते. पण तेरवीच्या घरात जो सांगतो तो आपल्या वेळेला सांगतो, मध्येच थांबतो, उठून जातो. ‘मग पुढे काय झालं?’ म्हणून कोणी रेटत नाही, निदान रेटू नये. तेव्हा विषय माहीत आहे हे एकदा सांगा आणि सोडून द्या: ‘झालं ते कळलं. त्यात तुझी चूक नाही. बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तर नुसते बसू.’ ती बोलू लागली की तपशील विचारू नका. ‘जीव वाचला हेच नशीब’ आणि ‘तिकडे गेलीसच कशाला’ ही दोन वाक्यं गिळून टाका. पहिलं रडणं बंद करतं, दुसरं बोलणं.

घटना पुन्हा घडतेय असं वाटून माणूस थिजला, थरथरू लागला तर घरचे नेमके तीन प्रकार करतात: तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात, मागून घट्ट धरतात. पुरातून वाचलेल्याच्या तोंडावर पाणी! समोर, हातभर अंतरावर बसा. नाव घ्या, आज कोणता वार, आपण कुठल्या खोलीत आहोत, ते हळू आवाजात सांगा. पाय जमिनीवर सपाट टेकवायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. हात धरायचा तर आधी विचारून.

सीताबर्डी_टाइम्स
इतका खटाटोप कशाला? झोपेची गोळी द्या, आठ दिवसांत माणूस ठीक.

मनोवॉर्ड
शेजाऱ्याच्या डब्यातली तर मुळीच नको. त्या गटातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, आणि धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या सरसकट देऊ नयेत असाच सल्ला आहे. झोप उडणं, दचकणं, भूक मरणं या दिवसांत अपेक्षितच असतं. संध्याकाळी चहा बंद, रात्री दिवा लागता ठेवायचा, कोणीतरी त्याच खोलीत झोपायचं. दारूवर नजर ठेवा, पुरुषांच्या बाबतीत विशेष.

पंचनामा_प्रेमी
तुमची सगळी चर्चा दिवाणखान्यातली. तलाठी, विमावाले, पोलिस, नोकरीचं ऑफिस, प्रत्येक जण तीच कहाणी पहिल्यापासून मागतो. पोलिसांपुढचा जबाब ज्याचा त्यालाच द्यावा लागतो, सोबत जा. बाकी ठिकाणांसाठी तारीख, वेळ, ठिकाण, नुकसान असं एक पान लिहून पाच झेरॉक्स काढा, फोनही तुम्हीच घ्या. आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे सीसीटीव्हीचे व्हिडिओ आधी डिलीट करायला लावा. या दोन कामांत ‘धीर धर’पेक्षा जास्त आधार आहे.

ठेचा_भाकर
झेरॉक्सचं पटलं. पण दारावर पहारेकरी? अमरावतीवरून आलेल्या म्हाताऱ्या मावशीले दहा मिनिटांत उठवान का?

लक्ष्मीनगरची_संध्या
मावशी राहू द्या, तिला स्वयंपाकघर द्या. वरणभात वेळेवर पानात पडला तर तेही हवंच आहे. पहारा बघ्यांसाठी.

मनोवॉर्ड
महिना उलटूनही तीच स्वप्नं, तो रस्ता टाळणं, सतत दचकणं सुरूच असेल, कामात मन लागत नसेल तर वाट पाहू नका. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा. पहिल्या मोठ्या पावसात त्रास पुन्हा उसळू शकतो, त्या रात्री फोन करा. ‘जगून काय करू’ असं कानावर आलं तर मात्र महिना मोजत बसू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं, गोळ्या हलवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. चोवीस तास चालू असतं, मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात वाटला तर 112.

ठेचा_भाकर
नंबर सेव्ह केला. मावशी मात्र फोडणी देता देता विचारनच, ‘काहून गं, पाणी कुठवर आलं होतं?’ तिले तुम्हीच येऊन समजवा.