२०१२ साली एनसीटीसी (राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र) बासनात गेलं, ते बरं झालं की वाईट?

अर्धविराम (धागाकर्ता)

२६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेहून आणलं, त्या आठवड्यात आमच्याकडे जेवताना २६/११ चा विषय निघाला. मुलगी तेव्हा बालवाडीत होती, तिला काही आठवत नाही. ती म्हणाली, "मग त्यानंतर बदललं काय?" मी यादी म्हणून दाखवली. डिसेंबर २००८ मध्ये संसदेनं कायदा करून एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) उभी केली, एनएसजी कमांडोंचे तळ मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबादला आले, राज्यानं स्वतःचं कमांडो दल, फोर्स वन, काढलं. तिचा पुढचा प्रश्न: "आणि या सगळ्यांचा कारभारी कोण?" मी भाजी वाढून घेतली.

कारण कारभारी नाहीच. एनआयए गुन्हा घडल्यावर तपास करते. एनएसजी गोळ्या सुटायला लागल्यावर येते (त्या रात्री मानेसरहून निघून दक्षिण मुंबईत कामाला लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता, म्हणून तर तळ इकडे आणले). घडायच्या आधीचं काम मात्र आयबी (देशांतर्गत गुप्तचर), रॉ (परदेशातले गुप्तचर), लष्करी गुप्तवार्ता, प्रत्येक राज्याची गुप्तवार्ता शाखा असं दहा घरी वाटलेलं. त्यांना एका टेबलाशी बसवायला कारगिलनंतर, २००१ मध्ये, मॅक म्हणजे मल्टी एजन्सी सेंटर काढलं, २६/११ नंतर ते चोवीस तास चालू ठेवलं. पण तिथं माहिती फिरते, एवढंच. फिरून कुठं गेली आणि तिचं काय झालं, याचा जाब कोणाला विचारायचा?

चिदंबरम गृहमंत्री असताना त्यावर उतारा म्हणून एनसीटीसी आणलं. आदेश ३ फेब्रुवारी २०१२ चा, काम १ मार्चला सुरू व्हायचं होतं. नवीन पटनायक, ममता, जयललिता, नितीशकुमार, नरेंद्र मोदी सगळे तुटून पडले. ५ मे ला दिल्लीत मुख्यमंत्र्यांची बैठक झाली आणि गाडं जे रुतलं ते रुतलंच. गंमत म्हणजे त्या विरोधकांपैकी एक जण दोनच वर्षांनी पंतप्रधान झाले, तेही स्वतःच्या बहुमतानं, तरी बासनाची गाठ कोणी सोडली नाही.

माझं मत सरळ आहे. "राज्यांचे अधिकार" म्हणत आपण एक गरजेची गोष्ट मारली. हल्ला झाल्यावर जिची मानगूट धरता येईल अशी एक तरी खुर्ची हवी. २००८ मध्ये शिवराज पाटील, विलासराव आणि आर. आर. आबा, तिघांनी राजीनामे दिले. ताज, ओबेरॉय आणि समुद्रमार्गाचा उल्लेख असलेले इशारे आधीच आलेले होते, ते कागद कोणाच्या टेबलावर थांबले, याचं उत्तर एकाही राजीनाम्यात नव्हतं.

बंदरावरचा

तुम्ही मानगुटीचा विचार करताय, मी धक्क्याचा. माझं गाव श्रीवर्धन तालुक्यात. फेब्रुवारी १९९३ मध्ये शेखाडीला आरडीएक्स उतरलं ते आमच्या पट्ट्यात. पुढं १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. माल उतरला हे कोणाला कळलं नव्हतं असं नाही हो. कळलं होतं, त्याचे पैसे खाल्ले गेले होते. कस्टम्सवाले आणि पोलीस, दोन्हींतल्या लोकांना टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) कोर्टानं शिक्षा दिल्या. दिल्लीत केंद्र असतं तर त्याला ही माहिती कोणी दिली असती? ज्यानं पैसे खाल्ले त्यानं?

२००८ चंही तेच. दहा जण कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. म्हणजे पहिली खबर कोळ्यांकडे होती.

आमच्याकडच्या एका सागरी पोलीस ठाण्याची बोट (ठाण्याचं नाव सांगत नाही) दोन पावसाळे जेट्टीला बांधून होती. विचारलं तर म्हणे, इंजिन मुंबईला गेलंय.

अर्धविराम

बंदरावरचे, अहो हेच तर म्हणतोय! किनाऱ्यावर पोलीस वेगळे, कस्टम्स वेगळं, तटरक्षक दल वेगळं, नौदल वेगळं, मत्स्यव्यवसाय खातं वेगळं. म्हणून इंजिन कुठं गेलं हे कोणाला माहीत नसतं.

बंदरावरचा

नौदलाला समुद्री सुरक्षेची एकंदर जबाबदारी २००९ मध्येच दिली होती की. घ्या तुमची मानगूट. तरी २०११ च्या जुलैअखेर 'पवित' नावाचं जहाज, एकही माणूस नसलेलं, वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन बसलं. नौदल, तटरक्षक, पोलीस, तिन्ही कडी ओलांडून! आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या हरिहरेश्वरला बोट लागली, आत तीन एके-४७. ती एका ऑस्ट्रेलियन बाईची, वाटेत बिघडून सोडून दिलेली निघाली, घातपात नव्हता, सुटलो. पण दिसली कधी? किनाऱ्याला लागली तेव्हा. एका खुर्चीनं बोट दिसत नाही.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून लिहितोय, त्यामुळे "तुमच्या अमेरिकेत" हे ऐकायची तयारी ठेवूनच. इथं ११ सप्टेंबरनंतर दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आपल्याकडच्या चर्चेत त्यांची कायम खिचडी होते. २२ खाती-कार्यालयं एकत्र करून होमलँड सिक्युरिटीचं अवाढव्य खातं झालं. सीमा, विमानतळ, तटरक्षक, आपत्ती निवारण, सगळं त्यात. एनसीटीसी हे निराळं, २००४ मधलं. त्याचं काम सगळीकडून आलेली माहिती एकत्र मांडून अर्थ लावणं. ते कोणाला अटक करत नाही. अटक एफबीआय करते.

आपण नाव उचललं आणि आतला मसाला बदलला. २०१२ च्या आदेशात केंद्र आयबीच्या पोटात ठेवलं आणि त्याच्या अधिकाऱ्यांना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४३अ खाली अटक-झडतीचे अधिकार दिले. मुख्यमंत्री भडकले ते यामुळे. नुसतं विश्लेषणाचं केंद्र आणलं असतं तर ममता सोडून कोणी फारसं बोललं नसतं, असं माझं मत. त्यामुळे अर्धविराम यांच्याशी अर्धा सहमत. (श्लेष हेतुपुरस्सर.)

काळा कोट

उरलेल्या अर्ध्याशी मी असहमत, तेव्हा हिशेब पूर्ण.

आयबी कुठल्या कायद्यानं उभी आहे? संसदेनं केलेला असा कायदा नाही. तिच्या कामावर देखरेख करणारी संसदीय समिती नाही. अशा संस्थेच्या हाती हातकड्या द्यायच्या, तेही पोलीस हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांकडे असताना, आणि तेही साध्या कार्यकारी आदेशानं? एनआयएसाठी निदान संसदेत कायदा झाला. मुख्यमंत्र्यांचे हेतू राजकीय असतील, मुद्दा बरोबर होता.

पण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. इथं सगळे हल्ला थांबवण्याबद्दल बोलताहेत, कोर्टात काय टिकतं याबद्दल कोणी नाही. ११ जुलै २००६, लोकलमधले सात स्फोट, अकरा मिनिटांत. राज्याच्या एटीएसनं (दहशतवादविरोधी पथकानं) तपास केला, २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं सगळ्या बाराजणांना सोडलं. (सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल दाखला म्हणून वापरू नये असं म्हटलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही.) दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ मधल्या स्फोटाचे सातही आरोपी सुटले. तो तपास एटीएसनं सुरू केला, २०११ मध्ये एनआयएनं घेतला. म्हणजे एकदा राज्य आपटलं, एकदा राज्य आणि केंद्र दोघंही. मालेगावात सहा माणसं मेली, ती कोणी मारली याचं उत्तर त्यांच्या घरच्यांकडे आजही नाही. ज्यांनी तरुणपण आत काढलं त्यांचं तर बोलूच नका. आता यावर तिसरी संस्था काढा.

अर्धविराम

काळा कोट, तपास फसले हे मान्य. पण त्यावरून माहिती गोळा करणाऱ्या केंद्राला नकार कसा निघतो ते कळलं नाही. कोर्टातलं अपयश आणि आधी खबर न लागणं, ही दोन दुखणी आहेत.

काळा कोट

एकच आहे. खबर वाईट असली की माणूस चुकीचा उचलला जातो. चुकीचा माणूस उचलला की कबुलीजबाबावर केस उभी राहते, मकोकात (संघटित गुन्हेगारीविरोधी राज्य कायद्यात) तो ग्राह्यही धरतात. मग वीस वर्षांनी उच्च न्यायालय त्या कबुल्या वाचतं. मधल्या काळात खरा माणूस कुठं असतो?

खाकी निवृत्त

तीस वर्षं नोकरी केली, फौजदार म्हणून बाहेर पडलो. कोर्टाच्या गोष्टी काळा कोट मॅडमना माहीत, पण यूएपीएत आरोपपत्राला १८० दिवस लागतात ते आम्ही झोपा काढतो म्हणून नव्हे. प्रयोगशाळेचा अहवाल यायलाच किती महिने जातात ते एकदा बघा येऊन. तिथं मी त्यांच्याशी भांडेन.

धाग्याबद्दल. इशारा ठाण्यात कसा येतो सांगतो. लिफाफ्यावर "गोपनीय". आत चार ओळी: अमुक संघटनेकडून गर्दीच्या ठिकाणी घातपाताची शक्यता, दक्षता घ्यावी. असे किती! साहेब सही करतात, हजेरीला वाचून दाखवतात, त्याच दिवशी मंत्र्यांचा दौरा, उद्या मोर्चा, परवा विसर्जन. निम्मं ठाणं बंदोबस्ताला. दक्षता घ्यायची कोणी? राम प्रधान समितीनं २६/११ नंतर हेच लिहिलं, की इशाऱ्यांवर सरकारी पातळीवर काय करायचं याचाच गोंधळ होता. दारूगोळ्याच्या टंचाईनं गोळीबाराचा सराव होत नव्हता, हेही त्याच अहवालात आलं. एनसीटीसी असतं तर लिफाफ्यावरचा शिक्का बदलला असता.

ओंबळे साहेबांच्या हातात गिरगाव चौपाटीवर काठी होती. समोर एके-४७. कसाब जिवंत सापडला, पुढचा सगळा खटला उभा राहिला तो त्या काठीवर. यापुढं मला लिहवत नाही.

तिरकस

खाकी काकांना सलाम. आता जरा राजकारण, कारण सगळे फारच सज्जनपणे भांडताहेत.

२०१२ मध्ये संघराज्याच्या नावानं कंठशोष करणारे २०१९ मध्ये कुठं होते? एनआयए कायद्यात दुरुस्ती झाली, संस्थेला परदेशातले गुन्हे, मानवी तस्करी, सायबर दहशतवाद असं बरंच काही मिळालं. यूएपीए बदलला, संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवता येऊ लागलं. एनसीटीसीच्या वेळचा गदारोळ कुठंच दिसला नाही. आणि जानेवारी २०२० मध्ये भीमा-कोरेगावची केस? राज्यात नवं सरकार आलं, फेरतपासाची भाषा सुरू झाली आणि केंद्रानं एनआयए कायद्यातल्या कलम ६ च्या पाचव्या पोटकलमाखाली केस एनआयएकडे नेली. राज्याला विचारायची गरजच नाही, कायद्यात तसं लिहिलंय. पवारसाहेब रागावले, मुख्यमंत्र्यांनी हरकत घेतली नाही, विषय संपला. सांगायचा मुद्दा, अर्धविराम, तुमचं एनसीटीसी दारातून हाकललं, ते खिडकीतून कधीच आत आलंय. फक्त पाटी लावलेली नाही.

हडसनकाठी

+१. पण जे आत आलं ते अटकेचं. विश्लेषणाचं अजून बाहेरच उभं आहे. नेमकं उलटं झालं.

काळा कोट

तिरकस, आणि राज्यही काही कमी नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्याच विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या तरी. केंद्राकडे अधिकार नकोत म्हणणारं राज्य स्वतःकडे घेताना लाजत नाही.

अर्धविराम

ठीक, एक गोष्ट मागे घेतो. आयबीला अटकेचा अधिकार नको. हडसनकाठी म्हणतात तसं, मांडणी करणारं केंद्र, संसदेच्या कायद्यानं, संसदेला उत्तर देणारं. पण खुर्चीचा हट्ट सोडत नाही. खाकी काका, तुम्हीच सांगा. तो चार ओळींचा लिफाफा "गर्दीचं ठिकाण" इतका मोघम का असतो? कारण पाठवणाऱ्याला फक्त "आम्ही कळवलं होतं" एवढं म्हणायचं असतं. कोणीतरी त्याला विचारायला हवं की बाबा रे, कुठलं ठिकाण, कोणाकडून कळलं, कितपत भरवसा. ते ठाण्यातला फौजदार विचारू शकतो का?

खाकी निवृत्त

विचारलं होतं एकदा, तरुण होतो. वरून उत्तर आलं, "तुम्हाला सांगितलंय तेवढं करा." तेव्हा हो, तुमचा हा एक मुद्दा बरोबर आहे. पण उलट रस्ताही बांधा. माझ्या बीटमधला पानवाला मला सांगतो की गल्लीत चार नवे लोक भाड्यानं आलेत, दिवसा बाहेर पडत नाहीत. मी डायरीत लिहितो. ती डायरी तुमच्या केंद्रापर्यंत जाते का? गेली तर दिल्लीत मराठी कोण वाचणार?

बंदरावरचा

काकांचं ऐकून आठवलं. दोन वर्षांमागं आमच्या मामानं रात्री दिवे विझवून उभा असलेला ट्रॉलर पाहिला, आपल्याकडचा रंग नव्हता. ओळखपत्र आहे, किनारी सुरक्षेच्या सागर कवच सरावात दरवेळी असतो, कळवायचं असतं हे पाठ आहे. जवळच्या ठाण्याला फोन लावला. समोरच्यानं पहिला प्रश्न केला, "काका, किती मैलांवर आहे? बारा मैलांच्या आत असेल तरच आमच्याकडे येतं."

मामा म्हणाला, "थांब, टेप घेऊन येतो."